चांगुणाबाईंचा हातगुण

तुर्भ्याच्या सिडको कॉलनीत कुणाच्या घरी मूल झालं, की पेढ्यांच्या आधी चांगुणाबाई तांब्यांना निरोप जाई. सकाळी नवऱ्याचा चहा झाला, की पदर खोचून त्या निघत. पिशवीत खोबरेलाची बाटली, वेखंडाची पूड आणि स्वतःचा पाट. दुसऱ्याच्या घरचा पाट हलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मोरीत पाट टाकायचा, पाय लांब करून बसायचं, पायांवर मूल आडवं घ्यायचं आणि अंग असं रगडायचं, की अंघोळीनंतर ते दुपारपर्यंत गाढ झोपलं पाहिजे.

साल एकोणीसशे पंच्याऐंशी. कॉलनी नवी होती. कोणी महाडकडचं, कोणी बीडचं, कोणी परळच्या चाळीतून आलेलं. सासू गावाला आणि बाळंतीण इथे एकटी, अशी बिऱ्हाडं कितीतरी. त्या पोरींना चांगुणाबाई म्हणजे मोठा आधार होता. खोटं कशाला बोला, बाईचा हात खरोखर चांगला होता. त्यांचा हातगुणच तसा, असं बायका म्हणत आणि ते ऐकून चांगुणाबाईंची मान जरा ताठ होई.

मुलगा असला, की एक काम जास्तीचं असे. अंघोळीच्या शेवटी त्या बोटाला तेल घेत आणि मुलाच्या लघवीच्या जागेवरची कातडी मागे ओढीत. रोज थोडी थोडी. मूल किंचाळून लालबुंद होई, कधी लंगोटाला रक्ताचा डागही लागे. एखादी आई घाबरली, तर चांगुणाबाई तिला समजावत, "आता मोकळं केलं नाय तर पुढं लग्नात अडचन येते गं. माझ्या नंदूला असंच केलं मी. बघ, कसा धडधाकट हाय." आईला ते पटे. गावाकडे सगळ्याच म्हाताऱ्या हे करत आल्या होत्या, आणि म्हाताऱ्या करतात ते तपासून बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता हा धडधाकट नंदू. नंदकिशोर शिवराम तांबे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. निर्व्यसनी, कामसू, बोलायला कमी. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं. आणि आईने ज्या अडचणीपासून त्याला वाचवलं असं ती गावभर सांगत होती, नेमकी तीच अडचण घेऊन तो रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपत होता.

ती कातडी आता बांगडीसारखी आवळून घट्ट झाली होती. मागे सरकतच नव्हती. जोर केला की चिरत होती, रक्त येत होतं, मग आठ-आठ दिवस लघवीला आग. नवरा-बायको जवळ आले, की तो कळवळून बाजूला होई. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने बायकोपुढे, मीनापुढे, रडून सांगितलं होतं की माझ्यात काहीतरी कमी आहे, मी पुरुष नाही. मीना मॅट्रिक झालेली, कॉलनीच्या बालवाडीत शिकवणारी, समंजस मुलगी. ती म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, डॉक्टरपुढे उघडं होण्यापेक्षा मी रेल्वेखाली जाईन. आणि कुणालाही न सांगण्याची त्याने तिला शपथ घातली. शपथ नवऱ्याने घातली आणि शिक्षा बायकोने भोगली, हे आपल्याकडे नवीन नाही.

सासरे शिवरामदादा मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या बौद्ध मंडळाचे चिटणीस. नवस-सायास, अंगारे-धुपारे यांच्यावर रविवारच्या वंदनेनंतर असे तुटून पडत, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाच्या घरात अंधाराला जागाच नसेल. सुनेला मूल होईना, तेव्हा त्यांनी तिला देवऋष्याकडे नेलं नाही, डॉक्टरकडे नेलं. इतपतच सुधारणा. दोष बाईतच असणार, हे मात्र त्यांनी घरूनच ठरवून नेलं होतं.

मीनाची पिशवी धुऊन झाली, नळ्या तपासून झाल्या, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एका डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी सासूला बाहेर बसवून मीनाला विचारलं, तुमचं नीट होतं ना? मीनाने टेबलाच्या पायाकडे बघत सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे. बाईंनी नवऱ्यालाही घेऊन यायला सांगितलं, तेव्हा चांगुणाबाईंना इतका राग आला की त्यांनी दवाखानाच बदलला. पोरात खोट काढणारी डॉक्टरीण त्यांना नको होती. नंदकिशोर हे सगळं बघत होता. बायकोला भूल देऊन आत नेत, तेव्हा बाहेरच्या बाकावर तो बसलेला असे. एका शब्दात हे थांबवता आलं असतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि तो शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण वैशाली बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला. घरात आनंदीआनंद. शिवरामदादांनी कॉलनीतल्या लोकांना बोलावून नामकरणाचा कार्यक्रम केला. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं, मुलाचं नाव मिलिंद ठेवलं. नवं घर, नवा विचार, नवं नाव. मग पुरुष बाहेरच्या खोलीत सरबताला बसले आणि आत बायकांनी पाळणा बांधला.

मीनाने चार दिवस खपून त्या पाळण्याला जुन्या साडीची झालर शिवली होती. बाळाला पाळण्यात घालायला तिने हात पुढे केले, तेव्हा शेजारच्या मुक्ताबाईंनी तिचं मनगट धरलं. तू नको गं, पहिला मुलगा आहे, असं त्या हलकेच म्हणाल्या. मीनाने सासूकडे पाहिलं. तिला वाटलं, सासू मुक्ताबाईंना गप्प बसवील.

"वांझेचा हात पाळन्याला नको," चांगुणाबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नको मीना, पन नको."

भरल्या घरात हे सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेर शिवरामदादा पाहुण्यांना सरबत देत होते, ते देत राहिले. नंदकिशोर पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभा होता. मीनाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती. त्याने मान खाली घातली आणि पेढे सारखे करत राहिला.

रात्री शिवरामदादांनी निर्णय सांगितला. दुसरी बायको करणं आपल्या समाजात बसत नाही. तिच्या भावाला बोलावू, चार माणसांत बसून रीतसर फारकत घेऊ, पोरीचंही कुठे भलं होईल. ते हे अगदी न्यायाने बोलत होते. दुसऱ्या दिवशी चेंबूरहून मीनाचा भाऊ जयप्रकाश आला. त्याने वाद घातला नाही, फक्त बहिणीची ट्रंक उचलली. निघताना मीना नवऱ्यापाशी थांबली.

"शपथ मी मोडली नाही," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा."

लोक म्हणतात, लाज माणसाला सरळ ठेवते. काही बाबतीत ठेवतही असेल. नंदकिशोरला तिने चार वर्षं मुकं ठेवलं होतं, आणि बायको गेल्यावरही तो बोललाच नाही. शेवटी त्याच्या देहानेच तोंड उघडलं. पंधरा दिवसांनी कारखान्यात असताना त्याची लघवी अडली. जागा सुजून टम्म झाली, ताप चढला. दुखणं कुठलं ते तो सांगेना, नुसता पोट धरून बसला. फोरमनने गाडीत घालून ठाण्याच्या एका सर्जनकडे पाठवलं.

सर्जन उतारवयाचे, थोडे तिरसट होते. सूज उतरल्यावर त्यांनी त्याला समोर बसवलं, कागद ओढला आणि पेन्सिलीने चित्र काढायला सुरुवात केली. नंदकिशोर चित्राकडे बघेना, तेव्हा ते म्हणाले, बघ, तुझंच आहे. मग त्यांनी समजावलं. टोकावरची ही कातडी दुहेरी असते. बाहेरून साधी चामडी, आतून ओठाच्या आतल्या बाजूसारखी मऊ. ती टोक झाकते, ओलं ठेवते, आणि तिच्यात जाणीव फार असते. मूल जन्माला येतं तेव्हा बहुतेकांची ती टोकाला चिकटलेलीच असते, नख बोटाला चिकटलेलं असतं तशी. मूल वाढतं तशी आपली आपण सुटत जाते. कुणाची तीन वर्षांत, कुणाची दहा वर्षांत, कुणाची मिसरूड फुटताना. तोवर तिला हात लावायचा नसतो.

"आणि लावला तर?" नंदकिशोरने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तर फाटते. जखम भरते, परत ओढतात, परत फाटते. शेवटी तिथे नुसता व्रण उरतो आणि व्रण काही ताणला जात नाही. तुझा सगळा व्रणच आहे. लहानपणी कोणी ओढायचं का?"

त्याच्या डोळ्यांसमोर मोरी आली, पाट आला, तेलाने चकाकणारे हात आले. डॉक्टरांनी ते न बोलणं ओळखलं असावं. ते म्हणाले, चार वर्षांपूर्वी आला असतास तर लहानशा कापाने भागलं असतं. आता सगळीच काढावी लागेल. सुंता करावी लागेल.

त्याला विचारायचं होतं की पुढे काय होईल, दुखेल का, मूल होईल का, मी तोच राहीन का. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. त्याने 'करा' म्हटलं आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मात्र ड्रेसिंगला आलेला वॉर्डबॉय दारातूनच ओरडला की सुंतावाला पेशंट कुठला, आणि अख्ख्या वॉर्डने माना वळवल्या. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याचं नाव विचारून घेतलं आणि हसत म्हणाला, काय रे, धर्म बदललास की काय? दोघे-तिघे खिदळले. नंदकिशोरने चादर तोंडावर ओढून घेतली. त्याच्या बापाने छप्पन साली धर्म बदलला होता आणि ते अभिमानाने सांगत असे. ह्याला मात्र आपल्या अंगात काय बदललं ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेजारच्या खाटेवर मुतखड्याचं ऑपरेशन झालेले कादरभाई होते, राबोडीतले शिंपी. लोक हसायचे थांबल्यावर ते चादरीकडे बघून बोलू लागले.

"मी सात साल का था," ते म्हणाले. "नवीन कुर्ता घातला मला, गळ्यात हार. सगळे खूश होते. माझी आई पण खूश. म्हणून मी रडलो नाय. मग रात्री एकटाच रडलो. आमच्यात ते करतातच, त्याचं काय नाय. पण तुला दुखलं का, तुला भीती वाटली का, असं आजपर्यंत कोणी विचारलं नाय." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला दुखतंय का?"

नंदकिशोर चादरीखाली हुंदके देऊन रडला. कुणीतरी विचारलं म्हणून रडला. जखमेचं दुखणं फार नव्हतं. पण लेंगा नुसता घासला तरी अंगावर काटा येत होता आणि अंघोळ करताना खाली बघवत नव्हतं, आपण दुसऱ्याच कुणाच्या देहात आलो आहोत असं वाटत होतं. जी कातडी गेली तिने त्याला आयुष्यभर छळलंच होतं, आणि तरी ती गेल्याचं दुःख होत होतं. मयताला निदान चार माणसं येतात. ह्या दुःखाला कुणी येणार नव्हतं. आणि सगळ्यात लाज ह्याची वाटत होती, की चार वर्षांपूर्वी बोललो असतो तर हे गेलंच नसतं. मीनाही गेली नसती.

घरी त्याने हर्निया सांगितलं. आईने विश्वास ठेवला, पेज करून घातली. तो बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असे. आणि रोज सकाळी आत मोरीत छोट्या मिलिंदची अंघोळ चाले.

पाणी ओतल्याचा आवाज येई, आईचं गुणगुणणं येई, बाळाचे हुंकार येत. मग ते गुणगुणणं थांबे आणि किंकाळी येई. पहिल्या दिवशी त्याने उशी कानावर घेतली, दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वैशाली रडवेली होऊन बाहेर आली. तिच्या हातातल्या लंगोटाला रक्त होतं. तिने बापाला दाखवलं. शिवरामदादा पेपर वाचत होते. ते बायकांचं काम आहे, तुझ्या आईला कळतं, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

नंदकिशोर उठला. टाके ओढले जात होते म्हणून भिंतीला धरून धरून मोरीपाशी गेला. आई पाटावर बसली होती, बाळ पायांवर होतं, तिच्या बोटाला तेल होतं.

"आई, सोड त्याला."

"अरे, जरासं राह्यलंय. मोकळं होतंय आता."

"सोड म्हणतो ना."

तिने चमकून वर पाहिलं. ह्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. मागे बाप येऊन उभा राहिला होता, बहीण उभी होती. बापासमोर, बहिणीसमोर हे बोलायचं म्हणजे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण बाळ अजून हुंदके देत होतं.

"माझं हर्नियाचं ऑपरेशन नाही झालं," तो म्हणाला. "सुंता झाली माझी. लहानपणी ओढून ओढून तिथे सगळा व्रण झाला होता. डॉक्टरने चित्र काढून सांगितलं. चार वर्षं मी बायकोजवळ नीट गेलो नाही, आई. जाताच येत नव्हतं. मीनाला काही झालेलं नाही. तिला सगळं माहीत होतं. तिने सगळं माझ्यासाठी ऐकून घेतलं."

शिवरामदादांनी त्याला दरडावलं. बहिणीपुढे काय बोलतोस, लाज वाटत नाही?

"वाटते ना," नंदकिशोर म्हणाला. "चार वर्षं तेवढीच वाटली. म्हणून तर तिची पिशवी धुतली गेली आणि मी बाकावर बसून राहिलो."

वैशालीने पुढे होऊन बाळ उचललं आणि पदरात घेतलं. चांगुणाबाईंचे पाय तसेच लांब पसरलेले राहिले. त्यांनी बोटाचं तेल लुगड्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं. "मी त्याच्या भल्यासाठी केलं," त्या म्हणाल्या, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. नळ चालूच होता, तो कुणाला बंद करायचं सुचलं नाही.

चालता येऊ लागल्यावर नंदकिशोर चेंबूरला गेला. आपण घरात सगळं सांगितल्याचं त्याने मीनाला सांगितलं, ऑपरेशनचंही सांगितलं. हे ऐकून ती हरखून ट्रंक भरायला घेईल, अशी त्याची समजूत होती. पुरुषांच्या समजुती अशाच असतात. मीनाने त्याची तब्येत विचारली, त्याला पोटभर जेवू घातलं, आणि मग शांतपणे सांगितलं, "घरात सांगितलंत, बरं केलंत. पण मला वांझ घरात नाही म्हटलं. चार बायकांत म्हटलं, आणि सगळ्या कॉलनीला ते ऐकू गेलं. जिथे म्हटलं तिथे कोणीतरी सांगू दे. तोवर मी यायची नाही."

त्याने ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा शिवरामदादांनी हात झटकले. चव्हाट्यावर जाऊन मुलाच्या लघवीच्या जागेचं काय सांगायचं? मंडळात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मग त्यांनी धोरणी तोडगा काढला. तिला समजावून आणा. आता ऑपरेशन झालंय, वर्षभरात मूल होईल, लोकांची तोंडं आपोआप बंद होतील, कुणाला काही सांगायला नको. नंदकिशोरला हा तोडगा क्षणभर बरा वाटला, हेही लपवण्यात अर्थ नाही. लाजेची सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

चांगुणाबाई स्टोव्हपाशी बसून हे ऐकत होत्या. मोरीतल्या त्या सकाळनंतर त्या कुणाकडेच अंघोळ घालायला गेल्या नव्हत्या. दोन घरचे निरोप आले, तब्येत बरी नाही असं कळवून त्यांनी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी वैशालीच्या नवऱ्याकरवी परस्पर चेंबूरला निरोप धाडला, की रविवारी वंदनेला ये, मग तुला वाटलं तर माघारी जा.

रविवारी संध्याकाळी विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेहमीचीच माणसं होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पोरं मधेच. मीना भावाबरोबर आली आणि दाराजवळ बसली. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. वंदना झाली, शिवरामदादा बोलायला उभे राहणार एवढ्यात बायकांच्या बाजूने चांगुणाबाई उठल्या. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"मला दोन शब्द सांगायचे हायेत," त्या म्हणाल्या. "माझी सून वांझ न्हाय. दुखनं माझ्या पोराला होतं, त्याचं आपरेशन झालं. आनि ते दुखनं त्याला मी दिलं. ह्या हातांनी."

"चांगुणा, खाली बस," शिवरामदादा म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. पोरांना न्हाऊ घालताना आपण काय करत होतो, ते त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं. ओढलं की फाटतं, फाटलं की आवळतं. डॉक्टर म्हणतो तिथे हात लावायचा नाही, ते आपलं आपण सुटतं. बोलताना त्यांचा चेहरा लाजेने काळवंडला होता, नजर सतरंजीवर होती, पण आवाज शेवटपर्यंत पोचत होता. पुरुषांपैकी कुणी खाकरलं, कुणी उठून बाहेर गेलं. एक पोरगी फिदीफिदी हसली, तिला तिच्या आईने चिमटा काढला.

मुक्ताबाईंचा आवाज आला, "चांगुणामावशी, माझे दोन्ही पोरगे तुमीच न्हाऊ घातलेत."

"व्हय. म्हनून तर सांगते. त्यांना डॉक्टरला दाखव. आनि मला काय बोलायचं ते बोल, मी उभी हाय."

मुक्ताबाईंनी आपल्या पोरांना जवळ ओढून घेतलं. चांगुणाबाई तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा दाराजवळची मीना उठली, बायकांमधून वाट काढत पुढे आली आणि दंडाला धरून तिने सासूला खाली बसवलं. तिने माफ केलं, असा ह्याचा अर्थ कुणी घेऊ नये. तिने फक्त बसवलं. त्या रात्री ती तुर्भ्याच्या घरी राहिली, पण चेंबूरला ठेवलेली ट्रंक आणायला तिने पुढे बरेच दिवस लावले.

शिवरामदादांचं भाषण त्या दिवशी झालं नाही. लोक लवकर उठले. सगळे खाली बघत, पायांनी आपापल्या चपला हुडकत होते. नंदकिशोर विहाराच्या पायरीवर उभा होता. आईने आपलं सगळं उघडं केलं आणि आपण कोपऱ्यात बसून ऐकलं, ह्याची त्याला परत लाज वाटत होती. आता उद्यापासून कारखान्यात काय काय ऐकावं लागेल, तेही मनात येत होतं.

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या अगदी जवळ येऊन उभं राहिलं. मागच्या बिल्डिंगमधला किसन. मंडळाच्या कामात पुढे पुढे करणारा, मोठमोठ्याने हसणारा माणूस. आता तो हसत नव्हता. दुसऱ्याच बाजूला तोंड करून, ओठ फार न हलवता त्याने विचारलं, "नंदू, तो ठाण्याचा डॉक्टर नक्की कुठे बसतो?"

नंदकिशोरने त्याला पत्ता सांगितला. किसनने मान हलवली आणि तो झपाझप अंधारात निघून गेला. त्याची बायको दिवाळीपासून माहेरी होती. ती वांझ आहे म्हणून त्याने सोडली, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.